आमच्या बोळातलं याकितोरीचं दुकान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तोक्योच्या पूर्वेला एदोगावा वॉर्डात राहतो. घरापासून सात मिनिटांवर रेल्वेच्या रुळांना लागून एक बोळ आहे आणि त्या बोळात आठ स्टुलांचं एक याकितोरीचं दुकान आहे. दोन वर्षं झाली, मी भेटेल त्याला या दुकानाबद्दल सांगतेय, आणि मग व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात, कधी पुण्याहून, कधी आमच्याच वॉर्डातल्या निशिकासाईच्या आपल्या मंडळींकडून, कधी पुढच्या महिन्यात ट्रिपला येणाऱ्या कोणाच्या तरी वहिनींकडून. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, आता हेच पाठवत जाईन.

याकितोरी म्हणजे आपले कबाबच ना?

दिसायला हो, पण विचार वेगळा आहे. याकि म्हणजे भाजलेलं आणि तोरी म्हणजे पक्षी, म्हणजे इथे कोंबडी. कोंबडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे बांबूच्या काडीत ओवायचे आणि कोळशावर भाजायचे, एवढंच. आपण टिक्का करतो तेव्हा दही, आलं-लसूण, तिखट लावून रात्रभर मुरवतो आणि चव त्या मसाल्याची येते. इथे मुरवणं वगैरे काही नाही. एकतर मीठ, नाहीतर सोया सॉसचा गोडसर दाट रस, बस. त्यामुळे कोंबडी कशी आहे, तुकडा कुठला आहे आणि भाजणाऱ्याचा हात कसा आहे हे पहिल्या घासालाच कळतं. आपल्या जिभेला पहिल्या काडीला जरा फिकं वाटेल, पण तिसऱ्या काडीपर्यंत थांबा असं मी सगळ्यांना सांगते.

तुला हे दुकान सापडलं कसं?

वासाने. ऑक्टोबर होता, पाऊस भुरभुरत होता, नेहमीच्या रस्त्यावर खोदकाम चालू होतं म्हणून मी स्टेशनवरून रुळाकडच्या बोळाने घरी निघाले आणि मधेच असा वास आला की पाय थांबलेच. माझं माहेर सातारचं, आजी थंडीत चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर सुके बोंबील भाजायची, तो वास आणि हा वास एक नाही, पण नाकात जाऊन बसतात एकाच जागी. बघितलं तर एक लाल कागदी कंदील, एका बाजूने फाटलेला आणि सेलोटेपने चिकटवलेला, त्याच्या मागे काचेचं सरकतं दार आणि दारावर आतल्या वाफेचं धुकं. आत काय आहे ते दिसतच नाही. त्या दिवशी मी घरी गेले. नंतर दोनदा त्याच बोळातून गेले आणि दोन्ही वेळा दाराशी रेंगाळून परत आले, कारण आत सगळे एकमेकांना ओळखणारे असतील आणि आपण मधेच कुठे, असं वाटायचं. चौथ्या वेळी एक आजोबा बाहेर पडत होते, त्यांनी मला बघून दार तसंच उघडं धरलं. मग गेले.

आत कसं आहे?

अरुंद. भिंतीला लागून आठ स्टुलं, समोर लाकडी काउंटर, काउंटरपलीकडे एक आजोबा भाजतात आणि त्यांची बायको बाकी सगळं बघते. त्यांना गिऱ्हाईक ताइशो म्हणून हाक मारतात, दुकानाच्या मालकाला असंच म्हणतात, मीही तेच म्हणते. मेन्यूकार्ड नाही, भिंतीवर लाकडी पट्ट्यांवर पदार्थांची नावं हाताने लिहिलेली आहेत, धुराने पट्ट्या मधाच्या रंगाच्या झाल्यात.

भाजायची शेगडी बघण्यासारखी असते. लांब आणि इतकी अरुंद की काडीचा फक्त मांसवाला भाग निखाऱ्यावर येतो, धरायचा भाग बाहेर लटकतो, म्हणून बांबू जळत नाही. जाळी नाही, आडव्या दोन लोखंडी सळया आहेत, काड्या त्यांच्यावर टेकतात आणि मांस अधांतरी राहतं, त्यामुळे चिकटत नाही. ताइशोंच्या डाव्या हातात कायम एक विंझणा, आणि उजव्या हाताने काड्या फिरवणं. आणि फिरवतात किती, अर्ध्या मिनिटालाही एक काडी स्वस्थ नसते. बाकी सगळी कामं करताना ते बोलतात, हसतात, टीव्हीवरची बेसबॉलची मॅच बघतात, पण कलेजी शेगडीवर असली की गप्प.

नाव आणि पत्ता का देत नाहीस?

कारण आठच स्टुलं आहेत. तिथे एक आजी येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी, दोन काड्या आणि अर्धी बाटली बियर, चाळीस मिनिटं बसतात आणि जातात. बाहेर फोन घेऊन वीस जणांची रांग लागली तर त्यांचं स्टूल जाईल. नाव देत नाही ते एवढ्यासाठीच, राग मानू नका.

आणि खरं सांगू का, तुम्हाला हेच दुकान हवंय असं नाहीच. असं दुकान तोक्योच्या जवळपास प्रत्येक छोट्या स्टेशनच्या मागे आहे. लाल कंदील बघा, त्याला आकाचोचिन म्हणतात. दारावर नोरेन म्हणजे कापडी पडदा लटकत असेल तर दुकान उघडं आहे, पडदा आत घेतला की बंद. बाहेर चार-पाच सायकली उभ्या असतील तर माणसं जवळच राहणारी आहेत, ही सगळ्यात चांगली खूण. आणि धुराचा पाइप कुठे निघतोय ते बघा. मी रेटिंग बघून गेले असते तर आमचं दुकान मला कधीच मिळालं नसतं.

बाई माणसाने एकटीने जाणं बरं दिसतं का?

दिसतं, मी जाते. दार सरकवून एक बोट वर करून "हितोरी" म्हणायचं, म्हणजे एकटी आहे. उलट एकट्या माणसाला जागा पटकन मिळते, चौघांना मिळत नाही.

ऑर्डर कशी द्यायची? मला जपानी येत नाही.

बसल्या बसल्या गरम ओला नॅपकिन येईल, हात पुसा, आणि आधी प्यायला काय ते सांगा, कारण तोपर्यंत शेगडीकडे काही जात नाही. दारू पीत नसाल तर ऊलाँग चहा मागा, कोणी काही म्हणत नाही, पण माणशी एक तरी पेय घ्यायची रीत आहे. मग एक छोटी वाटी येईल, न मागता, त्याला ओतोशी म्हणतात. आपले बरेच लोक यावरून वाद घालतात की आम्ही हे मागवलं नव्हतं. पण ती बसायच्या जागेचे पैसे घ्यायची इथली पद्धत आहे, बिलात तीनशे ते पाचशे येन धरून चाला.

मग काड्या. काड्या मोजायचे शब्द पाठ करा: इप्पोन एक, निहोन दोन, सानबोन तीन. आता तुकड्यांची नावं सांगते, कारण कोंबडीचं काहीही वाया घालवत नाहीत. मोमो म्हणजे मांडी, इथून सुरू करा. नेगिमा म्हणजे मांडीच्या तुकड्यांमधे जाड कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, भाजल्यावर आतून गोड लगदा होतो, जीभ पोळते, सांभाळून. त्सुकुने म्हणजे खिम्याचा गोळा. सुनागिमो म्हणजे पेटा, आपल्याकडे शिजवून शिजवून रबर होतो तो इथे करकरीत असतो. हात्सु म्हणजे काळीज, हा शब्द इंग्लिश हार्टवरून आलाय. रेबा म्हणजे कलेजी. नानकोत्सु म्हणजे कूर्चा, कुडुमकुडुम लागते. सेसेरी म्हणजे मान. बोनजिरी म्हणजे शेपटीचा टोकाचा चरबीवाला तुकडा, एका कोंबडीत एकच, म्हणून आठ वाजेपर्यंत संपतो. आणि कावा म्हणजे नुसती कातडी, घड्या घालून ओवलेली, बाहेरून पापडासारखी होईपर्यंत भाजलेली. भारतातून येणारे सगळे आधी नाक मुरडतात आणि मग दुसरी मागतात, हे मी सात-आठ जणांच्या बाबतीत बघितलंय.

एकदम वीस काड्या सांगू नका. तीन-चार सांगा, खा, मग पुढच्या. मी पहिल्यांदा सगळं एकदम सांगितलं होतं, शेवटच्या काड्या गार झाल्या आणि ताइशोंनी त्यांच्याकडे दोनदा बघितलं, काही बोलले नाहीत. आता कळतं की माणूस एकेक काडी अमुक क्षणाला उचलतो तो तुम्ही त्या क्षणाला खावी म्हणून.

काट्याने तुकडे काढून वाटून घेतले तर चालतं का?

चालतं, पण नका करू. काडी ओवतानाच हिशेब केलेला असतो, मोठा तुकडा टोकाला, लहान मुठीकडे. टोकाला आंच जास्त मिळते आणि पहिला घास भरगच्च येतो. तुकडे बशीत काढले की रस बशीत आणि गार. रिकामी काडी काउंटरवरच्या बांबूच्या नळीत टाकायची, बिलाच्या वेळी बऱ्याच ठिकाणी त्याच मोजतात.

मीठ की तारे?

विचारतीलच, "शिओ? तारे?" शिओ म्हणजे मीठ. तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू), साके (तांदळाची दारू) आणि साखर आटवून केलेला रस. कळत नसेल तर "ओमाकासे दे" म्हणा, म्हणजे तुम्हीच ठरवा. साधारण पेटा, कातडी, मान मिठाची आणि कलेजी, खिमा ताऱ्याचा. आधी मिठाचे खा, नंतर ताऱ्याचे, नाहीतर तो गोडवा जिभेवर बसतो.

ताऱ्याचं भांडं म्हणजे दुकानाचा जीव आहे. आमच्याकडे ते मातीचं आहे, काठावर वाळून वाळून काळी किनार जमलीय. अर्धवट भाजलेली काडी त्यात बुडवायची, परत निखाऱ्यावर, परत बुडवायची. प्रत्येक वेळी कोंबडीचा थोडा रस त्यात उतरतो. ते भांडं कधी पूर्ण रिकामं करत नाहीत, रोज उकळून नवीन रस वरून घालतात. विरजण कसं आपण कालच्याच्या जिवावर आज लावतो, तसंच काहीसं.

कोळशाचं एवढं काय कौतुक? गॅसवर होत नाही का?

होतं, खूप दुकानं गॅसवर करतात आणि त्यातली काही छानही असतात. पण कोळशाचं वेगळं आहे ते आहे. कोरड्या, तीव्र आंचेने बाहेरची बाजू पटकन करपत येते आणि आतला रस आत राहतो. आणि चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र होऊन जो धूर वर येतो तोच परत मांसाला लागतो. आपण भरल्या जेवणाला कोळसा-तुपाचा धुंगार देतो ना, तेच, पण प्रत्येक थेंबाला.

सगळ्यात नावाजलेला कोळसा म्हणजे बिंचोतान, वाकायामा भागातला, उबामे नावाच्या ओकच्या लाकडाचा. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) एका व्यापाऱ्याच्या, बिच्चूया चोझाएमोनच्या नावावरून हे नाव पडलं असं सांगतात. भट्टी शेवटी १००० अंशांच्या वर नेतात, मग लालबुंद कोळसा बाहेर ओढून ओल्या राख-मातीखाली विझवतात, म्हणून अंगावर पांढरट राख राहते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काचेसारखा किणकिण आवाज येतो. धूर जवळपास नाही, ज्वाळ नाही, तासन्‌तास टिकतो. पण महाग आहे. आमचे ताइशो रोज तो वापरत नाहीत, ते ओगातान वापरतात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला, मधे आरपार भोक असलेला कोळसा. साध्या दुकानांमधे बहुतेक हाच असतो. मी पहिल्यांदा बिंचोतान आहे का विचारलं तेव्हा त्यांनी भोकाचा तुकडा चिमट्यात धरून मला दाखवला आणि मग विंझणा उचलून दाखवला, म्हणजे कोळसा कुठलाही असो, काम याचं आहे.

एक गोष्ट सांगते. एप्रिलमधे बाबा आले होते. बाबांच्या मते कलेजी म्हणजे कांद्यावर परतलेली, काळ्या मसाल्यातली, दुसरी नाहीच. मी त्यांच्यापुढे ताऱ्यातली रेबा ठेवली. एक घास खाल्ला, आणि "ही मऊ कशी राहिली गं?" म्हणत उठून थेट शेगडीसमोर. मला वाटलं आता ताइशोंना आवडायचं नाही. बाबा हाताने दाखवायला लागले की आमच्याकडे पावसाळ्यात कणसं भाजतात ती पुठ्ठ्याने वारा घालून, असं असं. ताइशोंनी बघितलं आणि विंझणा बाबांच्या हातात दिला. बाबांनी जोरात घातला, ठिणग्या उडाल्या, तर ताइशोंनी त्यांचं मनगट धरून सावकाश केलं, निखाऱ्याच्या एका टोकालाच, दुसऱ्याला नाही. एक बाजू तापलेली, एक बाजू मंद, आणि काडी गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकवायची. बाबा ७१ वर्षांचे आहेत, त्यांनी पाच मिनिटं मन लावून वारा घातला. इथे म्हण आहे की काडी ओवायला तीन वर्षं आणि भाजायला आयुष्य. ती मला त्या दिवशी समजली.

मी व्हेज आहे, माझ्यासाठी काही आहे का?

आहे, पण खरं सांगते, कडक पाळणाऱ्यांनी येऊ नये. शिताके मशरूम, शिशितो नावाची न तिखट मिरची, गिंकोच्या हिरव्या बिया, भाजलेला भात-गोळा हे सगळं मिळतं आणि मिठाचं मागता येतं. पण शेगडी तीच आणि हात तेच. तारे तर नकोच, त्यात कोंबडीच्या काड्या बुडतात.

बीफ-पोर्क असतं का?

नुसत्या कोंबडीच्या दुकानात गोमांस बहुतेक नसतं. डुक्कर मात्र बऱ्याच ठिकाणी असतं, त्या काड्यांना याकितोन म्हणतात, तोन म्हणजे डुक्कर. पाटीवर हा शब्द शेवटच्या अक्षरानेच वेगळा आहे, म्हणून आत शिरल्यावर विचारून घ्या. हलाल पाळणाऱ्यांसाठी ही दुकानं नाहीत, तारेमधे साके आणि मिरिन असतंच.

आतून गुलाबी दिसलं तर खायचं का?

माझं मत स्पष्ट आहे, नाही. काही ठिकाणी कलेजी आणि छातीचा तुकडा मुद्दाम अर्धाकच्चा देतात, दक्षिणेला कागोशिमा-मियाझाकीकडे कच्ची कोंबडी खायची जुनी पद्धतही आहे. गाईची कच्ची कलेजी विकायला २०१२ पासून आणि डुकराची २०१५ पासून बंदी आहे, कोंबडीवर तशी बंदी नाही, पण कोंबडीतल्या कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जिवाणूने इथे दरवर्षी लोक आजारी पडतात. "योकु याइते कुदासाई" म्हणा, नीट भाजून द्या. ताइशो हसत हसत परत ठेवतात.

किती पैसे होतात?

आमच्याकडे बहुतेक काड्या १५० येनच्या आसपास आहेत. सहा काड्या, ओतोशी, एक पेय, दोन हजारच्या आत सुटते. रोख ठेवा, टिप देऊ नका, इथे देत नाहीत. घरी बांधून नेलं तर टॅक्स ८ टक्के, बसून खाल्लं तर १०, हे २०१९ पासून आहे.

ही फार प्राचीन परंपरा आहे का?

मलाही तसंच वाटायचं. ६७५ साली तेन्मु सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली होती, आणि पुढची कित्येक शतकं कोंबडी रोजच्या ताटात नव्हतीच. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) हातगाड्यांवर काड्या विकायला लागले, त्याही कोंबडीच्या हॉटेलांमधून उरलेल्या तुकड्यांच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर काळ्या बाजाराच्या जागी धुरकट टपऱ्या उभ्या राहिल्या, तोक्योतल्या शिंजुकूची ओमोइदे योकोचो ही गल्ली त्यातलीच, तिथे तेव्हा जास्त करून जनावरांची आतडी-कलेजीच भाजत. कोंबडी स्वस्त झाली ती ब्रॉयलर आल्यावर, १९६० च्या आसपास. म्हणजे ऑफिस सुटल्यावर दोन काड्या आणि एक बियर हे चित्र आपल्या आईवडिलांच्या वयाचं आहे.

तोक्योबाहेर जाणार आहे, तिथे?

गावागणिक बदलतं, आणि मला हे फार आवडतं. होक्काइदोच्या मुरोरानमधे याकितोरी मागितली तर डुक्कर आणि कांदा येतो, वर मोहरी, आणि नाव तरी याकितोरीच. सायतामाच्या हिगाशिमात्सुयामातही डुक्करच, सोबत तिखट मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. इमाबारीत काडीच नाही, लोखंडी तव्यावर दाबून भाजतात. फुकुओकात आधी कोबीची पानं आंबट रसासोबत येतात.

पुण्यात घरी करता येईल का?

येईल, पण गॅलरीत किंवा गच्चीवर, बंद खोलीत कोळसा पेटवायचा नाही, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने (कार्बन मोनॉक्साइडने) जीव जातो. चिकनवाल्याला आधीच सांगा की मांडी हवी, बोनलेस, पण स्किनसकट, कारण आपल्याकडे तो न विचारता सोलून टाकतो आणि सगळी मजा त्या कातडीच्या चरबीत आहे. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात बुडवा. दोन विटांवर दोन सळया ठेवा. ताऱ्यासाठी सोया सॉस आणि मिरिन सारखं, थोडी साखर, चमच्याला चिकटेपर्यंत आटवा, मिरिन नसेल तर साखर वाढवून थोडं पाणी घाला. नेगी म्हणजे इथली जाड कांद्याची पात, तिच्याऐवजी आपल्या पातीच्या कांद्याचा पांढरा भाग चालतो. निखारे पांढरे होईपर्यंत थांबा, ज्वाळ असताना काडी ठेवली की बाहेर काळी, आत कच्ची.

लहान मुलांना नेलं तर?

आमच्याकडे संध्याकाळी लवकर नेलं तर चालतं, पाच वाजता उघडतं. इतर ठिकाणी दारावरची पाटी बघा, २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने आत सिगारेट बंद झाली पण लहान जुन्या दुकानांना सवलत आहे, आणि जिथे ओढू देतात तिथे वीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही.

ताइशोंच्या नंतर कोण?

कोणी नाही. मुलगा ओसाकात नोकरी करतो. हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, काड्या फिरवता फिरवता, जशी उद्याच्या पावसाची गोष्ट सांगावी तसं. मला त्या रात्री घरी येऊन फार वाईट वाटत राहिलं. आमच्याच बोळात कंदिलांच्या तीन रिकाम्या खुंट्या आहेत, तिथली दुकानं मी यायच्या आधीच मिटलीत. म्हणून मी आता सुटीची वाट बघत नाही, आठवड्यातून एकदा जातेच, दोन काड्यांसाठी का होईना.

आम्ही आलो तर नेशील ना?

नेईन की. रविवारी बंद असतं, पाच वाजता दारात उभं राहायचं, बोनजिरी हवी असेल तर पाचच्या पुढे नाही. फक्त दोघंच या. तिसऱ्याला पुढच्या आठवड्यात नेईन.